बारावीतला 'विक्री खर्च' आणि गांधीबागेतलं दुकान

बारावीच्या अर्थशास्त्रात बाजाराचे प्रकार शिकवले जातात. त्यात मक्तेदारीयुक्त स्पर्धेची वैशिष्ट्यं येतात: पुष्कळ विक्रेते, वस्तुभेद, निकटचे पर्याय आणि विक्री खर्च. साबण, टूथपेस्ट, कपडे विकणारे खूप असतात, प्रत्येकाचा माल थोडाफार वेगळा असतो आणि तो वेगळेपणा गिऱ्हाइकाच्या मनावर ठसवायला जो पैसा जातो तो विक्री खर्च. ही मांडणी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी 1933 साली केली. आपल्याकडे ती चार गुणांच्या प्रश्नात येते आणि मुलं ती चोख पाठ करतात.

तीच मुलं संध्याकाळी घरच्या धंद्याला हात लावतात. नागपूरच्या गांधीबागेत वडिलांचं कापडाचं दुकान असलेली मुलगी नव्या साड्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकते, खालचं 'बूस्ट पोस्ट'चं, म्हणजे पैसे देऊन ती पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचं, बटण दाबते आणि दिवसाला 500 रुपये खर्च करते. हाच तो विक्री खर्च. पण सकाळी वहीत लिहिलेला मुद्दा आणि संध्याकाळी दाबलेलं बटण एकच आहे, हे तिला कुणी दाखवून दिलेलं नसतं. त्यामुळे खर्च वसूल झाला की नाही हे कसं बघायचं, तेही तिला ठाऊक नसतं.

या छोट्या गोष्टीत तीन वेगवेगळ्या विषयांवरचं संशोधन एकत्र येतं. शिक्षकाची क्षमता म्हणजे काय, अर्थशिक्षणाने माणसाच्या वागण्यात फरक पडतो का, आणि छोट्या व्यवसायाला डिजिटल जाहिरात परवडते का. हे तिन्ही विषय सहसा वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळी माणसं अभ्यासतात. माझं म्हणणं असं की नागपूरसारख्या व्यापारी शहरात ते एकत्रच वाचायला हवेत, कारण अर्थशास्त्राच्या शिक्षकाला इतकं जिवंत साहित्य दुसरीकडे मिळणार नाही, आणि डिजिटल मार्केटिंगच्या शिकवण्यांमध्ये नेमकं अर्थशास्त्रच गायब असतं.

शिक्षकाला काय यायला हवं?

शिक्षक किती सक्षम आहे हे आपण कागदावरून ठरवतो. पदव्युत्तर पदवी, बी.एड., नेट-सेट, नोकरीची वर्षं. संशोधनाचा कौल मात्र वेगळा आहे. स्टीव्हन रिव्हकिन, एरिक हनुशेक आणि जॉन केन यांनी अमेरिकेतल्या टेक्सासच्या शाळांचा अभ्यास केला, तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षका-शिक्षकांत फरक मोठा असतो आणि त्याचा मुलांच्या शिकण्यावर परिणामही मोठा होतो, असं त्यांना दिसलं. पण वरच्या पदवीवरून किंवा सुरुवातीची काही वर्षं सोडली तर अनुभवावरून तो फरक ओळखता येत नव्हता.

मग कशावरून ओळखायचा? याचं सर्वांत उपयोगी उत्तर अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये दिलं. ते म्हणाले, विषय माहीत असणं वेगळं आणि वर्गावर पकड असणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये आणखी एक ज्ञान असतं: हा विषय शिकताना मुलं नेमकी कुठे अडकतात, कोणतं उदाहरण दिलं की गाठ सुटते, कोणत्या क्रमाने गेलं की डोक्यात बसतं. चार्टर्ड अकाउंटंटला हिशेब शिक्षकापेक्षा जास्त येतो, पण पहिल्यांदा 'डेबिट' ऐकणाऱ्या मुलाचा नेमका कोणता गैरसमज होतो, हे त्याला माहीत असेलच असं नाही. शिक्षकाला ते माहीत असावं लागतं.

जर्मनीत युर्गेन बाउमर्ट आणि सहकाऱ्यांनी गणिताच्या शिक्षकांवर हे तपासलं आणि 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांची प्रगती शिक्षकाच्या नुसत्या विषयज्ञानापेक्षा या मधल्या ज्ञानाशी जास्त जोडलेली निघाली. अर्थात विषयज्ञानावाचून मधलं ज्ञान तयारच होत नाही. पेरू देशातल्या सहावीच्या वर्गांवरचा योहानेस मेत्झ्लर आणि लुडगर व्योसमान यांचा अभ्यास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी गणित आणि भाषा हे दोन्ही विषय शिकवणारे शिक्षक घेतले आणि एकाच विद्यार्थ्याचे दोन्ही विषयांतले गुण ताडून पाहिले. मूल तेच, घर तेच, शाळा तीच, शिक्षकही तोच. बदलतं ते फक्त त्या विषयातलं शिक्षकाचं ज्ञान. जिथे ते जास्त, तिथे मुलाचे गुणही जास्त. फरक प्रचंड नव्हता, पण ठळक होता.

अर्थशास्त्रात मुलं कुठे अडकतात याचा एक नमुना बघा. समजा, एकाच संध्याकाळी वसंतराव देशपांडे सभागृहात नाटक आहे आणि सुरेश भट सभागृहात गाण्याची मैफल. नाटकाचा पास तुम्हाला फुकट मिळालाय, तो विकता येत नाही. मैफलीचं तिकीट 400 रुपयांना आहे, पण तुम्हाला ते गाणं इतकं आवडतं की 500 रुपयेही मोजले असते. बाकी कसलाच खर्च नाही. तर नाटकाला जाण्याचा संधी खर्च, म्हणजे त्यासाठी जे सोडावं लागलं त्याची किंमत, किती? शून्य, 100, 400 की 500?

वर्गात विचारलं तर शून्य म्हणणारे बरेच निघतील, कारण पास फुकट आहे. काही 400 म्हणतील, काही 500. उत्तर आहे 100. मैफल सोडली म्हणजे 500 रुपयांचा आनंद सोडला, पण 400 रुपयेही वाचले. खरं गेलं ते 100 रुपयांचं सुख. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी अशाच बेताचा प्रश्न 2005 मध्ये अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात, म्हणजे अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनाच, विचारला. बरोबर उत्तर दिलं 21.6 टक्क्यांनी. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी 25 टक्के येतात. पुढे 2012 मध्ये जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी हरकत घेतली की संधी खर्चाची व्याख्याच पुस्तकागणिक सैल आहे, त्यामुळे इतर उत्तरंही एखाद्या व्याख्येत बसतात. हरकत रास्त आहे. पण त्यातून एवढं नक्की निघतं की ही संकल्पना व्याख्या फळ्यावर लिहून शिकवता येण्यासारखी नाही. आकडे घालून, चुकू देऊन, 'असं का वाटलं तुला?' असं विचारतच ती शिकवावी लागते.

आणि शिकवलं कसं जातं? विल्यम बेकर आणि मायकेल वॉट्स यांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची पाहणी 1990 च्या दशकात केली, तेव्हा वर्गातला 83 टक्के वेळ खडू-फळा-व्याख्यानात जात होता. आपल्याकडचं चित्र सांगायला पाहणीची गरज नाही. महाराष्ट्रात नववीच्या भूगोलाच्या पुस्तकातच 'अर्थशास्त्राशी परिचय' आणि 'व्यापार' हे पाठ आहेत, म्हणजे भूगोलाच्या शिक्षकावर तो विषय येतो. त्याची पदवी बहुतेक वेळा इतिहास-भूगोलाची असते. मी त्याला दोष देत नाही. ज्याला ते शिकवायला लावलं त्याची तयारी करून घेणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यातले चार तास जरी संधी खर्च, मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) आणि सीमांत खर्च (आणखी एक नग करायला लागणारा जास्तीचा खर्च) या तीन गोष्टी बाजारातल्या आकड्यांनिशी कशा शिकवायच्या यावर गेले, तरी मोठं काम होईल.

शिकून वागणं बदलतं का?

इथे संशोधकांत खरोखरीचा वाद आहे आणि तो लपवून उपयोग नाही. डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमेयर यांनी 2014 मध्ये 201 अभ्यास एकत्र करून सांगितलं की आर्थिक वागणुकीतल्या फरकांपैकी जेमतेम 0.1 टक्का फरक अर्थशिक्षणामुळे पडतो, आणि जे शिकवलं ते काही महिन्यांत विरून जातं. त्या निबंधाने पुष्कळांचा उत्साह थंड केला. मग टिम कायझर, अ‍ॅनामारिया लुसार्डी, लुकास मेंकहोफ आणि कार्ली अर्बन यांनी 2022 मध्ये फक्त चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले, म्हणजे तुलना पक्की असलेले 76 प्रयोग घेतले. त्यांना ज्ञानावर आणि वागण्यावरही स्पष्ट परिणाम दिसला, आधीच्या अंदाजाहून बराच मोठा. परिणाम लवकर विरतो याचा पुरावाही त्यांना मिळाला नाही.

दोन्ही वाचून मला असं वाटतं की 'अर्थशिक्षण चालतं का?' हा प्रश्नच फार ढोबळ आहे. काय शिकवलं, कुणाला, कधी आणि कसं, यावर सगळं अवलंबून असतं. ब्राझीलमधल्या 892 माध्यमिक शाळांत झालेला प्रयोग घ्या. शिक्षकांनी नेहमीच्या विषयांतच पैशाचे धडे मिसळले. मुलांचं ज्ञान वाढलं, बचत वाढली. पण तीच मुलं महागडं कर्ज घेऊन वस्तू विकत घेण्याकडेही थोडी जास्त झुकली. क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते कळलं, तसं ते वापरावंसंही वाटलं असावं. असा निकाल जसाच्या तसा छापणाऱ्या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो.

छोट्या धंदेवाल्यांवरचे प्रयोग तर आणखी बोलके आहेत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अलेहांद्रो ड्रेक्सलर, ग्रेग फिशर आणि आंत्वानेत शोअर यांनी छोट्या व्यावसायिकांचे दोन गट केले. एकाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं. दुसऱ्याला साधे ठोकताळे दिले: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना नोंद. हिशेबशास्त्राच्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ठोकताळ्यांच्या गटाचे व्यवहार सुधारले, आणि वाईट आठवड्यांतली विक्रीही कमी कोसळली.

आफ्रिकेतल्या टोगोमध्ये 1,500 छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पारंपरिक व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सरासरी 11 टक्क्यांनी जास्त दिसला, पण तो योगायोगही असू शकेल इतपतच. स्वतःहून पुढाकार घेणं, संधी हेरणं, अडचण आली की दुसरी वाट काढणं यावर भर दिलेल्या गटाचा नफा 30 टक्क्यांनी वाढला. आपल्याजवळचं उदाहरण अहमदाबादचं. स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या सेवा बँकेच्या ग्राहक असलेल्या महिलांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, काहींना एकटं बोलावलं, काहींना मैत्रिणीला घेऊन या म्हणून सांगितलं. चार महिन्यांनी मैत्रिणीसोबत आलेल्यांचा धंदा आणि घरचं उत्पन्न दोन्ही पुढे होतं. महिला बचत गटांचं जाळं असलेल्या आपल्या भागात हे सोन्यासारखं निरीक्षण आहे.

आणि दक्षिण आफ्रिकेतला एक. स्टीफन अँडरसन, राजेश चांडी आणि बिलाल झिया यांनी काही दुकानदारांना विपणन शिकवलं, काहींना हिशेब-वित्त. नफा दोन्ही गटांचा वाढला, पण वाटा निराळ्या. विपणन शिकलेल्यांनी विक्री वाढवली, हिशेब शिकलेल्यांनी खर्च कमी केला. आपल्याकडे सध्या पहिल्याचीच चलती आहे. 'रील कशी बनवायची' हे शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, 'रीलवर गेलेला पैसा परत आला का' हे शिकवणारे शोधावे लागतात.

जाहिरातीचा लिलाव

फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगलवरची जाहिरात ठरलेल्या दराने मिळत नाही. तुम्ही बटण दाबलं की तुमची जाहिरात लिलावात उतरते. कळमना बाजारात संत्र्याची बोली लागते तशीच ही बोली. फरक दोन. कळमन्यात ज्याची बोली सर्वांत वर तो माल उचलतो. इथे बोलीबरोबर जाहिरात किती चांगली आहे आणि बघणारा तिच्यावर काही करण्याची शक्यता किती, हेही जोखलं जातं, त्यामुळे कमी बोलीचा माणूसही जागा पटकावू शकतो. दुसरा फरक असा की गूगल शोधाच्या जाहिरातीत जिंकणाऱ्याला आपली पूर्ण बोली सहसा भरावी लागत नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतेच द्यावे लागतात. या प्रकारच्या लिलावामागचा मूळ विचार विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये मांडला होता, त्यांना 1996 मध्ये नोबेल मिळालं.

यातून दुकानदाराच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. दिवाळीच्या आधी जाहिरात महाग पडते, कारण त्याच नागपूरकराच्या स्क्रीनसाठी मोठमोठे ब्रँड बोली लावत असतात आणि स्क्रीन तेवढीच असते. शुद्ध मागणी-पुरवठा. आणि फोटो-मजकूर नीट असेल तर त्याच पैशात जास्त लोकांपर्यंत पोचता येतं, म्हणजे जाहिरातीचा दर्जा हा थेट खर्चाचा प्रश्न आहे.

आता आकडे मांडून बघू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. नंदनवन भागातला एक महिला बचत गट संत्रा बर्फी करतो असं धरा. अर्ध्या किलोचा डबा 280 रुपयांना. संत्र्याचा गर, खवा, साखर, गॅस, डबा, लेबल मिळून 190 रुपये. म्हणजे डब्यामागे हातात राहतात 90. पोचवण्याचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देतं. गटाने सहा दिवस रोज 500 रुपयांची जाहिरात चालवली. 60 जणांनी व्हॉट्सॲपवर चौकशी केली, 20 जणांनी एकेक डबा घेतला.

गटातल्या ताई काय म्हणतील? "तीन हजार टाकले, छप्पनशे आले. परवडूनच राहिलं ना, सर!"

मोबाइलवरचा अहवालही हेच सांगेल, कारण तो विक्री मोजतो. पण 5,600 रुपयांतले 3,800 बर्फी करण्यातच गेले. उरले 1,800. आणि जाहिरातीचा खर्च 3,000 नाही, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 3,540 आहे. गटाची जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर परत मिळायचा नाही. म्हणजे 1,740 रुपयांचा तोटा. 3,540 ला 90 ने भागलं की कळतं, खर्च नुसता निघायलाच 40 डबे विकायला हवे होते.

मग जाहिरात वाईटच का? थांबा. त्या 20 जणांपैकी आठ जण वर्षभरात आणखी तीन-तीन डबे घेतात असं समजा. 24 डब्यांचे 2,160 रुपये आले. आता गट 420 रुपयांनी फायद्यात आहे. पहिल्या विक्रीत तोटा आणि दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीत फायदा, असंच छोट्या धंद्याचं बहुतेक वेळा असतं. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाची यादी नीट ठेवणं हे नव्या जाहिरातीइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्वाचं आहे.

आता एक बोचरा प्रश्न. त्या 20 पैकी सहा जणी गटातल्या बायकांच्या ओळखीच्याच होत्या. जाहिरात नसती तरी त्यांनी बर्फी घेतलीच असती. मग त्यांच्या पहिल्या सहा डब्यांचे 540 रुपये जाहिरातीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. 420 मधून 540 गेले की पुन्हा 120 चा तोटा. हा कीस वाटेल, पण ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या बलाढ्य कंपनीचीही हीच गत झाली. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ईबेने 'ईबे' हे नाव शोधल्यावर दिसणाऱ्या आपल्याच जाहिराती काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिल्या. आलेली माणसं जवळजवळ तेवढीच राहिली. ती जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावरून येत होती. जे येणारच होते, त्यांच्या येण्याचे पैसे कंपनी भरत होती.

छोट्या दुकानाला असा प्रयोग करणं कठीण. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी दाखवलंय की जाहिरातीचा परिणाम विक्रीच्या रोजच्या चढ-उतारात इतका बुडून जातो की तो वेगळा काढायला अवाढव्य आकडे लागतात. वीस-तीस ऑर्डरींवरून 'ही जाहिरात चालली, ती नाही चालली' असं ठामपणे सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. दुकानदाराच्या हातात साधा उपाय आहे: प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' असं विचारायचं आणि वहीत लिहायचं. उत्तर शंभर टक्के बरोबर नसेल, पण सहा महिन्यांच्या नोंदींतून पुष्कळ दिसतं.

सवलतीचं गणितही इथेच बघून घेऊ, कारण 'वीस रुपये सूट' हा सगळ्यांचा आवडता उपाय. 280 चा डबा 260 ला दिला की हातात 90 ऐवजी 70 राहतात. शंभर डब्यांवर मिळणारे 9,000 रुपये मिळवायला आता 129 डबे लागतील. किंमत साधारण 7 टक्क्यांनी उतरली, विक्री 29 टक्क्यांनी वाढायला हवी. म्हणजे मागणीची लवचिकता जवळपास 4 असेल तरच सूट परवडते. बारावीच्या मुलाला लवचिकतेचे पाच प्रकार आकृत्यांसह येतात. हा हिशेब त्याच धड्याचा आहे.

या सगळ्यात बायकांची मेहनत मी धरलेलीच नाही. ती धरायला हवी. बर्फी करण्यात गेलेल्या तासांत दुसरं कोणतं काम करून किती मिळाले असते, हाच त्यांचा संधी खर्च. बचत गटांच्या हिशेबांत हा आकडा बहुतेक वेळा शून्य मांडला जातो, आणि मला ती मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

पैसा न टाकता करता येण्यासारखं काय आहे, ते थोडक्यात. गूगलवर दुकानाची नोंद फुकट करता येते. वेळ, फोन, नकाशावरची जागा आणि ताजे फोटो तिथे असले तर 'जवळचं दुकान' शोधणारा थेट पोचतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी किमतींसह लावता येते. एकच संदेश अनेकांना पाठवणारी ब्रॉडकास्ट यादी करताना लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो संदेश जातो. म्हणून पहिली डिलिव्हरी देतानाच 'नंबर सेव्ह करा' म्हणायचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीशिवायही ई-कॉमर्स मंचावर विकता येतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

वर्गात हे कसं आणायचं?

पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी 2006 मध्ये शुलमन यांच्या मांडणीत तंत्रज्ञानाची भर घातली. शिक्षकाला यंत्र चालवता येणं पुरेसं नाही. हा विशिष्ट मुद्दा शिकवायला हे विशिष्ट साधन कधी उपयोगी पडतं आणि कधी नुसतं लक्ष विचलित करतं, हे कळावं लागतं. फळ्यावरचीच व्याख्या पडद्यावर दाखवून काही बदलत नाही. जाहिरातीच्या अहवालातले पोच (जाहिरात किती जणांना दिसली), क्लिक, चौकशी आणि ऑर्डर हे चार आकडे पडद्यावर लावून 'यातला कोणता आकडा पैसा आहे?' असं विचारलं तर बदलतं.

अकरावी-बारावीच्या वर्गाला हे जमण्यासारखं आहे. चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला इतवारी, महाल, बर्डी किंवा मानेवाड्यातला एक छोटा व्यावसायिक. ओळखीचा असेल तर उत्तम. मुलांनी त्याच्याकडून आधी एका वस्तूचा बदलता खर्च, म्हणजे नग वाढले की वाढणारा खर्च, काढायचा. हे ऐकायला सोपं आहे, पण इथेच खरं शिकणं होतं, कारण पिशवी, फुटतूट, उधारी यांचे आकडे दुकानदारानेही कधी मांडलेले नसतात. मग खर्च निघायला किती नग विकावे लागतील ते काढायचं. जाहिरात चालू असलेले आणि बंद असलेले आठवडे वेगळे नोंदवायचे. शिक्षकाचं काम उत्तर सांगायचं नाही. मुलं विक्रीलाच नफा समजताहेत का, येणारच होती ती गिऱ्हाइकं जाहिरातीच्या नावे मांडताहेत का, मालकाची मेहनत विसरताहेत का, हे तीन अडखळे ओळखून तिथे नेमका प्रश्न टाकायचं. शुलमन ज्या मधल्या ज्ञानाबद्दल बोलत होते ते हेच.

जे शिक्षक हे पहिल्यांदा करतील त्यांनी जोडीने करावं. सेवा बँकेच्या मैत्रिणींना जे लागू पडलं ते स्टाफरूमलाही लागू पडायला हरकत नाही. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या दोघांनी एकच दुकान आधी स्वतः पूर्ण सोडवून बघावं, मगच वर्गात न्यावं. सेमिनरी हिल्सला केंद्र सरकारचं एमएसएमई विकास कार्यालय आहे, तिथे उद्योजकांसाठी माहिती मिळते. शिक्षकांनीही जाऊन बसायला हवं.

काही बंधनं पाळायला हवीत. मुलांनी स्वतःचा पैसा जाहिरातीत टाकायचा नाही. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर वर्गात येता कामा नयेत; 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हे अधिकच काटेकोरपणे पाळावं. दुकानदाराने आकडे दिले नाहीत तर आग्रह धरायचा नाही, दुसरं दुकान बघायचं. आणि वेळ नीट निवडायची. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर दिवाळीआधीचे साधे आठवडे, दिवाळीचे महागड्या बोलींचे आठवडे आणि नंतरचा मंदावलेला बाजार असे तिन्ही काळ एकाच सत्रात हाती लागतात. खाद्यपदार्थवाला गट असेल त्याला ऐन वेळी आंबिया बहाराची संत्रीही बाजारात आलेली सापडतील, म्हणजे कच्च्या मालाचा भाव उतरला की डब्यामागे उरणारी रक्कम कशी बदलते तेही नोंदवता येईल.